बाटलीचा नाद

"मी बाटल्या जमवतो" हे वाक्य मराठी घरात सहजासहजी उच्चारता येत नाही. सासुरवाडीत तर नाहीच नाही. घाईघाईने त्याला 'चिनी' हे विशेषण जोडलं तरी परिस्थिती सुधारत नाही. 'तपकिरीच्या' असा खुलासा केला की दारूचा संशय फिटतो आणि डोक्याविषयीचा सुरू होतो. आमचे एक स्नेही जहाज कंपनीच्या नोकरीत डोंबिवलीहून हाँगकाँगला गेले आणि तिथेच रुजले. त्यांना हा नाद लागला. मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जाऊन-येऊन असतो, त्यामुळे मलाही थोडी लागण झाली. फरक इतकाच की ते कुप्या विकत घेतात आणि मी मतं देतो. दोघांत माझा साठा मोठा आहे.

वस्तू अशी. उंची दोन ते तीन इंच. मुठीत धरली तर कुणाला पत्ता लागणार नाही. वर बोराएवढं झाकण, झाकणाखाली बूच आणि बुचात खोचलेला काडीसारखा चमचा, थेट तळापर्यंत पोचणारा. तोंड इतकं अरुंद की आत शेंगदाणाही जायचा नाही. अंग मात्र कशाचंही: काच, चिनी माती, जेड, अकीक, स्फटिक, अंबर, पोवळं, लाख, बांबू, भोपळा. हो, भोपळासुद्धा. वेलीवर कोवळा असतानाच त्याला नक्षीचा साचा चढवायचा, की वाढता वाढता तो नक्षी अंगावर घेतो. भोपळ्याला बाळसं धरू द्यायचं तेही सरकारी नमुन्याबरहुकूम, हे फक्त चीनच्या राजदरबारालाच सुचू शकतं.

तपकीर आपल्याला काही नवी नाही. मागच्या दोन पिढ्यांत प्रत्येक वाड्यात एक तरी आजोबा असे असत, ज्यांच्या कनवटीला पत्र्याची डबी असे. चिमूट निघायची, दोन्ही नाकपुड्यांत काटेकोर वाटणी व्हायची, मग आळीला वेळ कळावी अशी शिंक, आणि शेवटी त्या रुमालाचा प्रश्न, ज्याचं उत्तर घरातल्या बाईने द्यायचं. ब्राझीलची तंबाखू पोर्तुगिजांच्या जहाजांतून जशी गोव्याला आली, तशीच पुढे मकावलाही गेली. म्हणजे मूळ माल एकच. आपण शिंकलो आणि डबी खिशात टाकली. चिनी माणसाने शिंकण्यापूर्वी डबीकडे नीट पाहिलं आणि ती बदलायचं ठरवलं.

कारण साधं होतं. युरोपात तपकीर डबीत असे. चीनमध्ये दक्षिणेकडच्या दमट हवेत डबीतल्या तपकिरीचा चिखल व्हायचा, आणि अंगरख्याला खिसा नसल्याने ती डबी ठेवायची कुठे हाही प्रश्नच. औषधाच्या बुचाच्या बाटल्या मात्र घरोघरी होत्या. त्यात तपकीर भरली, बूच दाबलं, बाटली बाहीत सरकवली, झालं काम. शिवाय तपकीर औषधच मानली जाई. सर्दी, डोकेदुखी, दातदुखी, पोट, सगळ्यांवर एकच उपाय. चिलमीवर अधूनमधून सरकारी बंदी यायची, पण नाकाने घेतलं तर ते औषध. औषधाच्या नावाखाली व्यसन करण्याची युक्ती आपल्याकडच्या काही मंडळींना आपलाच शोध वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

1684 साली खांगशी सम्राट दक्षिणेच्या दौऱ्यावर नानजिंगला आला, तेव्हा तिथल्या येशूसंघी पाद्र्यांनी त्याच्यापुढे नजराणा ठेवला. सम्राटाने सगळा नजराणा सौजन्याने परत केला आणि तपकीर तेवढी ठेवून घेतली. या एका वाक्यात मला तो सम्राट फार जवळचा वाटतो. पुढे 1696 मध्ये त्याने बीजिंगच्या राजवाड्यासाठी काचेचा कारखाना काढला आणि किलियान श्टुम्फ नावाच्या जर्मन पाद्र्याला त्यावर नेमलं. श्टुम्फ धर्मप्रसारासाठी एवढा समुद्र ओलांडून आला आणि भट्टीपुढे बसला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वांग शिझन या पंडिताने आपल्या टिपणवहीत या राजवाडी कुप्यांचे रंग कौतुकाने नोंदवले आहेत: काळा, जांभळा, पांढरा, पिवळा, लाल, हिरवा. मग जे दरबारात चालतं ते दरबाराबाहेर धावतं, तसं झालं. अधिकाऱ्यापासून वाण्यापर्यंत प्रत्येकाच्या बाहीत कुपी आली. एकोणिसाव्या शतकात झाओ झीछ्येन नावाच्या चित्रकार-पंडिताने तपकिरीवर आख्खं पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावात युंगलू आहे. ताओ पंथात नाकाच्या देवाचं हे नाव. आपल्या तेहतीस कोटींत नाकाला स्वतंत्र खातं कुणाकडे आहे, हे मी दोन शास्त्रीबुवांना विचारलं. दोघांनीही माझ्याकडे फक्त पाहिलं.

दरबारी माणसाला द्यायला कुपी ही सोयीची भेट. लहान, महाग, बाहीतून बाहीत जाणारी. छ्येनलुंग सम्राटाचा लाडका मंत्री हशेन याची मालमत्ता 1799 मध्ये जप्त झाली, तेव्हा तिच्यात तपकिरीच्या कुप्याही निघाल्या. एवढ्या कुप्यांतली तपकीर ओढायची तर माणसाला नाकं किती हवीत, असा साधा हिशोब जप्ती करणाऱ्यांनी केला असेल का कोण जाणे. चित्रांतही कामाची भाषा असे. घोड्यावर बसलेलं माकड दिसलं तर हसायचं नाही. चिनी उच्चारांच्या श्लेषाने त्याचा अर्थ 'लवकरच बढती मिळो' असा होतो. साहेबाच्या हातावर घोडा-माकड ठेवून नमस्कार करायचा आणि वाट बघायची. वटवाघूळ म्हणजे भाग्य. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की झाडू घेऊन धावतात. तिथे ते जेडवर कोरून पाहुण्याला देत.

1911 नंतर राजवट गेली, वेण्या कापल्या गेल्या, सिगारेट आली आणि तपकिरीचं व्यसन चीनमधून जवळजवळ उठलं. पण व्यसन नाहीसं झालं नाही. त्याने फक्त जागा बदलली. आतली भुकटी सुटली आणि बाहेरची बाटली लागली. आज जगभर हजारो माणसं या कुप्यांपायी कामधंदा विसरतात आणि त्यातल्या एकालाही शिंक येत नाही. हाँगकाँगच्या मेरी आणि जॉर्ज ब्लॉक या दांपत्याने जमवलेला संग्रह 2010 पासून बोनहॅम्सच्या लिलावांत टप्प्याटप्प्याने विकला गेला. त्यातली मीनाकामाची एक राजवाडी काचकुपी 2011 साली अडीच कोटींहून अधिक हाँगकाँग डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने सोळा-सतरा कोटी रुपये. रिकामी. चमच्यासह नाही, तपकिरीसह नाही. ही बातमी आमच्या स्नेह्यांनी वहिनींना मोठ्या आवाजात वाचून दाखवली, आपला नाद किती किफायतशीर आहे हे सिद्ध करायला. वहिनी म्हणाल्या, "मग तुम्ही आपल्या विका की." त्यानंतर घरात बातम्या मनातल्या मनात वाचल्या जातात.

नवशिक्याचं शिक्षण डोळ्यापासून सुरू होतं असा समज आहे. ते हातापासून होतं. पहिला नियम: कुपी एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. टेबलावर जाड मऊ कापड असतं, त्यावर ठेवायची, हात पूर्ण काढून घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायची. फुटली तर कुणाच्या हातून, हा वादच नको. आपल्याकडे मीठ-मिरची हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणून. तिथे भांडणाची रक्कम आधीच चिठ्ठीवर लिहून तळाला चिकटवलेली असते. दुसरा नियम: उभं राहून बघायचं नाही, बसून बघायचं. तिसरा: हातातली अंगठी काढून ठेवायची. हे तिन्ही नियम पाळले की नवशिका जाणकार दिसू लागतो. बोलायला तोंड उघडेपर्यंत हा समज टिकतो.

मला पहिल्यांदा नीट बघायला मिळाली ती अकिकाची कुपी होती. मधाच्या रंगाची, चपटी, कडा गोलसर, अंगावर कसलंही कोरीवकाम नाही. दिसायला नदीतला गोटा. त्यामुळे हात वजनाच्या तयारीने गेला आणि वर उचलताना जवळजवळ उडालाच. दगड होता, पण दगडाचं वजन नव्हतं. "आता आत बघा," स्नेह्यांनी बारीक विजेरी तोंडावर धरली. आतून ती कुपी अशी पोखरली होती की भिंत सगळीकडे सारखी पातळ आणि उजेड खांद्यांतूनही आरपार. खांदे म्हणजे मानेखालचा रुंद भाग. मेख सगळी तिथे. तोंड पेन्सिलीएवढं, आणि आत अकीक, जो पोलादाच्या सुरीला दाद देत नाही. त्या भोकातून वाकड्या आकड्यासारखं हत्यार घालायचं, बरोबर कुरुंदाची ओली पूड, आणि दिवसच्या दिवस घासत बसायचं. आळशी कारागीर सरळ खाली भोक पाडून मोकळा होतो, खांदे तसेच भरीव ठेवतो. उत्तम कारागीर खांद्याच्या आतल्या कोपऱ्यातही पोचतो, जिथे कुणाची नजर पोचणार नसते. बाहेरच्या नक्षीवर नवशिका भाळतो; जुना माणूस कुपी हातात घेऊन आधी तिचं वजन करतो आणि मगच डोळे उघडतो.

"ही तरंगते," स्नेही म्हणाले.

दगड तरंगतो हे मराठी माणसाने एकदाच ऐकलंय आणि तेही रामाच्या नावाने. त्यांनी पातेलं मागवलं. वहिनींनी आतून विचारलं, "कुठलं? दुधाचं मिळणार नाही." शेवटी वरणाचं आलं. पाणी भरलं. स्नेह्यांनी झाकण काढलं आणि कुपी दोन बोटांनी अलगद पाण्यावर सोडली. ती जराशी कलली, सावरली आणि खरोखरच तरंगू लागली. अतिशय पातळ पोखरलेल्या काही अकीक-कुप्या अशा तरंगतात, हे मी वाचून होतो. वरणाच्या पातेल्यात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून मंत्रमुग्ध. वहिनीही हात पुसत आल्या, बघितलं, म्हणाल्या, "तरंगली. मग?"

या प्रश्नाला संग्राहकांच्या सगळ्या वाङ्मयात उत्तर नाही. मी शोधलं आहे.

अकिकातच आणखी एक जात असते, छायेची. दगडात निसर्गतःच गडद डाग असतो. कारागीर त्या डागाभोवती कुपी अशी बेतत नेतो की डागाचं चित्र व्हावं. पक्षी, होडी, कोळी, माकड. कुठे डाग थोडा कमी पडला तर तिथे जरासं कोरून मदत. यात कारागिराचं कसब किती आणि बघणाऱ्याची श्रद्धा किती, हे वेगळं काढता येत नाही. विक्रेता बोट ठेवून सांगतो, "हा म्हातारा, ही त्याची काठी." त्याने बोट काढलं की म्हाताराही जातो. अशा वेळी नवशिक्याने गप्प राहून सावकाश मान हलवायची असते. आमच्या स्नेह्यांच्या एका कुपीत त्यांना पीच खाणारं माकड दिसतं, मला सांडलेला चहा दिसतो. वहिनींना त्यात त्यांच्या सासूबाई दिसल्या, आणि त्यांनी सांगितल्यावर आम्हालाही. आता ती कुपी कपाटात पाठ फिरवून ठेवली आहे.

तळाचं नाव वाचायला शिकलं की नवशिक्याचे खरे हाल सुरू होतात. कुपी उलटी करायची, तळावर चार अक्षरं: छ्येनलुंगच्या कारकिर्दीत बनवली. छ्येनलुंग 1736 ते 1795 असा राज्यावर होता, तपकिरीचा आणि कुप्यांचा शौकीन होता, हे सगळं खरं. पण बाजारात आज त्याच्या नावाचा जेवढा माल आहे तेवढा सगळा अस्सल मानला, तर त्याच्या राज्यात शेती कुणी केली हा प्रश्न उरतो. गंमत म्हणजे सगळेच शिक्के लबाडीचे नसतात. पुढच्या पिढ्यांतले कारागीर जुन्या थोर काळाचं नाव आदराने घालत. म्हणजे आदर कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो, हे ठरवायची जबाबदारी तुमची. आणि ठरवेपर्यंत पैसे त्याच्याकडे.

या बाबतीत बीजिंगच्या ये घराण्याची गोष्ट प्रत्येक नवशिक्याला सांगतात. ये झुंगसान हा कुपीच्या आतून चित्रं काढणारा नामवंत. त्याचा मुलगा ये बंगछी याने 1930 च्या दशकात काचेवर मीनाकाम केलेल्या कुप्या बनवल्या, गूयुएश्वान या जुन्या, दबदब्याच्या नावाने. त्या इतक्या सफाईदार होत्या की अठराव्या शतकातल्या राजवाडी म्हणून भल्याभल्यांच्या संग्रहांत जाऊन बसल्या. पुढे बिंग फुटलं. मग काय झालं? किंमत पडली? छे. लोक आता ये बंगछीच्या म्हणून त्या शोधतात. त्यामुळे आज बाजारात ये बंगछीच्याही नकला असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. नकलेची नक्कल घेऊन फसलेला माणूस मूळ नक्कल मिळावी म्हणून तडफडतो, असं दृश्य दुसऱ्या कुठल्या छंदात दिसेल?

खरेदीला जायचं म्हणजे हाँगकाँगात हॉलिवुड रोड, आणि त्याच्या खालची गल्ली अप्पर लास्कर रो. या गल्लीचं नाव आपल्याकडच्या खलाशांवरून पडलं. इंग्रजी जहाजांवरचे लस्कर एके काळी तिथे राहत. लोक तिला कॅट स्ट्रीट म्हणतात, कारण चोरीचा माल तो उंदीर आणि तो घेणारी ती मांजर. मुंबईच्या चोर बाजारात वाढलेल्या डोळ्याला इथे परकं काही वाटत नाही: तेच गंजलेले घोडे, तेच माओचे पुतळे, तेच 'तुमच्यासाठी म्हणून सांगतो'. बीजिंगला पानजियायुआनचा बाजार आहे. शनिवार-रविवारी पहाटे अंधारातच जाणती मंडळी विजेऱ्या घेऊन फिरू लागतात. अंधारात खरेदी का, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. उत्तर असं की उजेडात ज्या वस्तू विकायच्या असतात त्या उजेडात विकतातच.

विक्रेत्याकडे प्रत्येक कुपीबरोबर एक आजोबा असतात. आजोबा दरबारात होते, किंवा दरबारातल्या कुणाचे वैद्य होते, किंवा निदान दरबारासमोर राहत होते. जाणकार सांगतात, कुपी विकत घ्या, गोष्ट घेऊ नका. हे म्हणायला ठीक आहे, पण काही गोष्टी कुपीपेक्षा इतक्या सुबक असतात की मी असतो तर गोष्टीचे पैसे देऊन कुपी तिथेच ठेवून आलो असतो. आणि फसगत झालीच तर बीजिंगचे व्यापारी तिला सौम्यपणे शाळेची फी म्हणतात. आपल्याकडे अशी रक्कम अक्कलखाती टाकतात. पद्धत तीच, फक्त तिथे शाळा आहे, आपल्याकडे नुसतंच खातं.

एक परीक्षा मात्र फुकटात होते. चीनमधून 1911 पूर्वीच्या जुन्या वस्तू बाहेर न्यायला साधारणपणे बंदी आहे. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने तुम्हाला छ्येनलुंगची कुपी शपथेवर विकली आणि ती घेऊन तुम्ही विमानतळावरून हसतखेळत बाहेर पडलात, तर कस्टम्सच्या त्या कंटाळलेल्या तरुणाने एकही शब्द न बोलता तुमच्या कुपीचं वय सांगून टाकलेलं असतं. नवशिका तपासणीतून सुटल्याच्या आनंदात असतो. त्याला अडवलं असतं तर तो आनंद खरा होता. आपल्याकडे तऱ्हा उलटी: खरोखर शंभर वर्षांची वस्तू एकदा इथे आली की 1972 चा पुरावस्तू कायदा तिला परत बाहेर जाऊ देत नाही. हस्तिदंताची असेल तर त्याच सालचा वन्यजीव कायदाही वाट बघत असतो. हाँगकाँगनेही 2021 च्या अखेरीपासून हस्तिदंताचा व्यापार जवळपास बंदच केला. तेव्हा पांढरट, गुळगुळीत आणि स्वस्त असं काही कुणी पुढे केलं तर दोनच शक्यता: ते प्लास्टिक आहे, किंवा गुन्हा आहे. त्यातल्या त्यात प्लास्टिक बरं.

आता आतून रंगवलेल्या कुप्यांबद्दल, कारण नवशिक्याची पहिली खरेदी हमखास तीच असते. पारदर्शक काच किंवा स्फटिक, आणि चित्र आतल्या बाजूला. डोंगर, पूल, टोळ, कोबी, अक्षरांच्या ओळी. हे आत गेलं कसं? याची एक दंतकथा आहे. प्रांतातला एक सचोटीचा अधिकारी कामासाठी राजधानीत आला. चिरीमिरी देणार नाही म्हणाला, म्हणून कागद हलेना. महिने गेले, पैसे संपले, मुक्काम देवळात आला. तपकीर घ्यायला दमडी नाही, म्हणून कुपीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली भुकटी तो बांबूच्या काडीने खरवडून ओढू लागला. काचेवर उमटलेले ओरखडे एका भिक्षूने बाहेरून पाहिले आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतिहासकार या कथेला फार महत्त्व देत नाहीत. पण सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला ती पुराव्याशिवाय पटते. आपल्याकडे अशा वेळी चपला झिजतात. तिथे निदान एक कला निघाली.

करायची पद्धत अशी. कुपीत पाणी आणि लोखंडाची बारीक रेती घालून हलवत राहायचं, की आतली काच थोडी खरखरीत होऊन रंग धरते. मग टोकाशी काटकोनात वाकवलेली बांबूची लेखणी, पुढच्या काळात केसांचा बारीक कुंचला, त्या भोकातून आत घालायची आणि भिंतीवर उलटं काढायचं. चित्र बाहेरून दिसणार, म्हणून जे सगळ्यांत पुढे ते आधी रंगवायचं आणि आकाश शेवटी. आधी माशाचा डोळा, मग मासा, मग पाणी. चुकलं तर पुसायला बोट आत जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बीजिंगमध्ये जौ लयुआन, मा शाओश्वान, ये झुंगसान यांनी ही कला कळसाला नेली. मा शाओश्वान (1867–1939) कुपीच्या एका बाजूला माणसाचा चेहरा फोटोसारखा उतरवी आणि दुसऱ्या बाजूला तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरांत कविता लिही. ऑपेरानट तान शिनपेई याचं त्याने काढलेलं रूप फार प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात वांग शीसान यांनी ये घराण्याकडे शिकून ही कला हबेई प्रांतात हेंगश्वेला नेली, आणि तिथे आता ती पिकते. उत्तम पिकते. आणि भरपूर पिकते, त्यामुळे विमानतळावर तुमच्या नावाची अक्षरंही आत घालून मिळतात. अशी कुपी नवशिका घरी आणतो आणि जुन्या संग्राहकाला दाखवतो. जुना संग्राहक म्हणतो, "छान आहे." या 'छान'चा स्वर मुली बघायला गेलेल्या मंडळींनी 'कळवतो' म्हणताना लावावा तसा असतो.

पुस्तकं हा वेगळाच प्रकार. लिला पेरी या अमेरिकन बाईंचं 1960 चं पुस्तक अजून वाचनीय आहे, बॉब स्टीव्हन्सचं 1976 चं जाडजूड आहे, आणि ब्लॉक संग्रहावर ह्यू मॉस आणि मंडळींनी लिहिलेले ग्रंथ सात खंडांत आहेत. सात खंड, तेही तीन इंचांच्या वस्तूवर. आमच्या स्नेह्यांचं हाँगकाँगचं घर म्हणजे आपल्याकडचं बाल्कनीसकट स्वयंपाकघर. त्यांच्या सगळ्या कुप्या बुटांच्या एका खोक्यात मावतात. पुस्तकांसाठी मुलाचा पलंग उचलावा लागला. 1968 साली अमेरिकेत या कुपीप्रेमींची संस्थाही निघाली, आज ती आंतरराष्ट्रीय आहे आणि तिचं नियतकालिक आहे. त्यात एकेका कुपीच्या मानेवर पानंच्या पानं असतात. वाचताना सुरुवातीला हसू येतं. मग हळूहळू आपणही मान बघायला लागतो.

मराठी माणसाला हे सगळं वेडगळ वाटायचं कारण मात्र नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दौती, दिवे, कुंकवाचे करंडे गोळा केले आणि 1975 मध्ये ते सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. ते संग्रहालय बघताना अडकित्त्यासमोर उभे राहून 'काय कारागिरी!' म्हणणारे आपणच असतो, आणि त्यातल्या एकालाही तिथे सुपारी कातरायची नसते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी आणि जपानी कलावस्तूंचं दालन आहे. जेड म्हणजे नेमकं काय, चिनी काच उजेडात कशी दिसते, हे तिथे तिकिटाच्या पैशात कळतं. हाँगकाँगात तोच धडा बराच महाग पडतो.

तरीही कुणाला घ्यायचीच असेल तर एकच सांगतो. पहिली कुपी आतून रंगवलेली घेऊ नका, जेडची तर मुळीच नको. साधी, एका रंगाची, बिनचित्राची काचेची घ्या. नक्षी नसली की दोष लपवायला जागा नसते. भिंगाने तोंडाची कड बघा, कारण टवका तिथेच उडतो आणि विक्रेत्याचं बोट योगायोगाने तिथेच असतं. चमचा तळाला टेकतो का बघा. अधांतरी राहिला तर झाकण दुसऱ्या कुपीचं आहे. त्यात निराश होऊ नका. शंभर-दोनशे वर्षांत बुचं कुजतात, झाकणं हरवतात, त्यामुळे मूळ झाकणासह मिळणाऱ्या जुन्या कुप्या फारच थोड्या आहेत. आणि काहीही असो, बिल घ्या. त्यावर 'छ्येनलुंग काळातली' असं लिहून द्यायला सांगितलं की बहुतेक दुकानदारांचं पेन त्याच वेळी बंद पडतं.